वरचा मजला

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी गेली चौदा-पंधरा वर्षे वर्गात शिकवते आहे. नगरसारख्या गावात हे पुस्तक शिकवण्यात एक सोय असते आणि एक अडचणही. सोय अशी, की पुस्तकातला बराच संसार याच गावात आणि पलीकडच्या राहुरीत घडलेला असल्यामुळे मुलांना नकाशा काढून दाखवावा लागत नाही. अडचण अशी, की मुले इथलीच असल्यामुळे त्यांना भलतेच प्रश्न पडतात. आपण फळ्यावर 'शैलीतील निर्व्याजता', 'विनोदाचे स्वरूप', 'आत्मचरित्रातील मी' असे मुद्दे लिहीत असतो आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते, "मॅडम, म्हणजे ते नेमके कुठल्या गल्लीत राहत होते?"

२०१९ साली तृतीय वर्षाच्या वर्गात एका मुलीने याच्याही पुढचा प्रश्न विचारला. १८९५ साली मुंबईत नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांचे सोवळेओवळे शाबूत होते, एवढे सांगून मी पुढच्या मुद्द्याकडे वळत होते. ती उठून म्हणाली, "मॅडम, नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली. अशा जोडप्याला त्या काळी घर दिलं कोणी?"

मी उत्तर दिले, की टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते, त्यामुळे मिशनचा आधार होता. आणि घड्याळाकडे पाहून पुढे गेले. उत्तर चुकीचे नव्हते. पण त्या प्रश्नाचे ते उत्तरही नव्हते, हे मला कळायला सहा वर्षे लागली. ही हकिकत त्या मुलीची आहे, म्हणजे तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या घरशोधाची. तिच्याइतकीच ती माझीही आहे. तो भाग मी शक्य तितका लांबवते आहे, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

'स्मृतिचित्रे' हे बिऱ्हाडांचे पुस्तक आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. बिऱ्हाड हा शब्द आता आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेला. घर म्हटले की भिंती आल्या, मालकी आली. बिऱ्हाडात मालकी नसते, चूल मात्र असते. जलालपूर, नाशिक, राजनांदगाव, पंढरपूर, नगर, राहुरी, सातारा आणि अखेरीस कराची, इतक्या ठिकाणी ही बाई चूल मांडत आणि मोडत गेली. टिळक मनस्वी, घरातून केव्हा उठून जातील याचा नेम नाही आणि परत येताना कोणाला बरोबर आणतील याचाही नाही. बालकवी ठोमरे याच घरात मुलासारखे राहिले. समीक्षकांनी लक्ष्मीबाईंच्या विनोदबुद्धीचे कौतुक पुष्कळ केले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या विनोदाला जागोजाग फोडणी दिली आहे ती बिऱ्हाडाने. पीठ संपलेले असते, पैसे कोणाला तरी देऊन झालेले असतात, दारात पाहुणा असतो. घराचे भाडे किती होते, पाणी कोठून आणीत, शेजारीण काय म्हणाली, हे मात्र आपण परीक्षेत विचारत नाही.

त्या पुस्तकातला मला सर्वात विलक्षण वाटणारा काळ एका संसारातल्या दोन सोवळ्यांचा आहे. नवराबायको एकत्र, मूल एकत्र, पण पाणी आणि अन्न वेगळे. पुढे लक्ष्मीबाईंच्या मनात जातीविषयी स्वतंत्रपणे विचार सुरू झाला आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी भांड्याची भिंत पडली, धर्म नंतर बदलला. हे मी वर्गात दरवर्षी सांगते, आणि सांगताना माझा आवाज थोडा चढतो, असे विद्यार्थी म्हणतात.

आता माझ्या बिऱ्हाडाविषयी. २००६ साली माझे लग्न झाले आणि आम्ही दोघे नगरला आलो तेव्हा आमच्याजवळ दोन पत्र्याच्या पेट्या, पुस्तकांची सात खोकी आणि एक गॅसची शेगडी होती. नवऱ्याची नोकरी नवी, माझी तासिका तत्त्वावरची. आठ दिवस त्याच्या मित्राकडे राहून आम्ही घर शोधले. माळीवाड्याच्या वेशीपासून आत एका जुन्या वाड्यात दोन खोल्या रिकाम्या असल्याचे कळले. मालकीणबाई ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता आडनाव विचारले, मग गाव विचारले, मग माझे माहेर. तिन्ही उत्तरे झाल्यावर त्यांनी सुपातला खडा बाजूला टाकला आणि "किल्ली घे गं त्या खुंटीवरची" असे म्हणाल्या. भाडे अकराशे रुपये, चौकात साबण लावून कपडे धुवायचे नाहीत, पाणी एक दिवसाआड, ते भरून ठेवण्यासाठी टिपाड आपले आपण आणायचे.

हा प्रसंग मी पुढे कित्येकदा सांगितला आहे. आमच्या चेहऱ्यावरचा साधेपणा पाहून बाईंनी पाच मिनिटांत किल्ली दिली, असे मी सांगत असे. चेहरा त्यांनी पाहिलाच नव्हता, त्या गहू निवडत होत्या. हा तपशील दर वेळी मीच सांगत असे आणि त्याचा अर्थ मला दिसत नसे. साहित्याच्या प्राध्यापिकेला हे फारसे भूषणावह नाही.

त्या वाड्यात आम्ही सात वर्षे काढली. पाणी येण्याच्या दिवशी पहाटे चारला उठायचे, ही सवय मला अजून आहे. नगरला पाणी येते ते राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून. पण निजामशाहीत, १४९० नंतर हे शहर वसले त्या काळी, आजूबाजूच्या डोंगरउतारावरून खापरी नळांनी पाणी आणून हौदांत खेळवले होते, अशी माहिती वाड्यातले एक निवृत्त शिक्षक आम्हाला रांगेत उभे असताना देत. रांगेत उभ्या माणसाला इतिहास ऐकवू नये, असे तेव्हा वाटे. असो.

२०१३ साली कर्ज काढून आम्ही सावेडीत, प्रोफेसर कॉलनी चौकाच्या पलीकडे, घर बांधले. त्या चौकाच्या नावाची आम्हाला गंमत वाटायची. तळमजल्यावर आम्ही आणि सासूबाई. वरचा मजला भाड्याने द्यायचा आणि त्यातून हप्त्याला हातभार लावायचा, असे गणित. इतकी वर्षे ते गणित बरे चालले. मी भाडेकरू होते ती मालकीण झाले. गहू मात्र मी निवडत नाही, भाडेकरूशी समोर बसून बोलते.

त्या विद्यार्थिनीकडे परत येते. एम.ए. झाली, पहिल्याच प्रयत्नात सेट झाली आणि आमच्या विषयातल्या इतर सगळ्यांसारखी तासिका तत्त्वावर लागली. वर्षातून काही महिने शिकवायचे, मानधन हातात पडेल तेव्हा पडेल. तो तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात, कंत्राटी. ती मराठा, तो बौद्ध. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करून लग्न केले. तीस दिवस त्यांची नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागलेली होती, आणि ते तीस दिवस आपण एकही पान वाचले नाही, असे ती मला नंतर म्हणाली. साक्षीदार म्हणून सही करण्यासाठी तिने मला विचारले होते. त्या दिवशी परीक्षेचे पर्यवेक्षण होते. ते खरोखरच होते.

लग्नानंतर ती दोन महिने त्याच्या बहिणीकडे, एका खोलीत पाच माणसांत राहिली, आणि जूनमध्ये घरशोध सुरू झाला. तेव्हापासून तिचे निरोप मला मोबाइलवर येऊ लागले. रोज नाही, आठवड्यातून दोनतीन. तक्रारीचा सूर एकाही निरोपात नव्हता. पूर्वी वाचलेल्या पुस्तकाविषयी कळवायची तसे घरांविषयी कळवायची. एका रविवारचा निरोप मी जपून ठेवला आहे: "मॅडम, आज तीन घरे झाली. पहिल्यात ओटा होता, नळ नव्हता. दुसऱ्यात नळ होता, पाणी नव्हते. तिसऱ्यात दोन्ही होते, पण काकांना पूर्ण नाव हवे होते."

'पूर्ण नाव' हा या निरोपांतला पुन्हा पुन्हा येणारा शब्द. एजंट त्यांना आधीच सांगून ठेवी, की पहिले नाव सांगा, फार विचारले तर मूळ गाव सांगा, बाकी मी बघतो. त्याचा एक महिन्याच्या भाड्याएवढा हिशेब असल्यामुळे त्याला घर मिळवून देण्याची कळकळ खरीच होती. केडगावला एक जागा जवळजवळ ठरली. मालक भला माणूस, चहा दिला, अनामत रक्कम ठरली. निघताना त्यांच्या पत्नीने सहज विचारले, "तुमच्यात देव कुठले?" तो म्हणाला, "आम्ही बौद्ध आहोत." संध्याकाळी एजंटचा फोन आला, की काकांचा पुतण्या पुण्याहून परत येतोय, त्यालाच जागा लागणार आहे. या पुतण्याविषयी तिने लिहिले होते: "मॅडम, नगरमधल्या सगळ्या घरमालकांचे पुतणे याच महिन्यात पुण्याहून परत येत आहेत."

भिंगारला एक घर होते ते पिठाच्या गिरणीच्या वर. गिरणी सुरू झाली की मांडणीवरची भांडी हळूहळू पुढे सरकत, असे तिने लिहिले. तिथे नाव विचारले नाही, कारण त्या घरात दुसरे कोणी राहायला तयारच नव्हते. तपोवन रस्त्याला एका नव्या इमारतीत 'फक्त शाकाहारी कुटुंबास' अशी पाटी होती. ती स्वतः शाकाहारी. तिने तसे सांगितले; तेव्हा मालकांनी विचारले, "आणि मिस्टर?" मिस्टर फक्त अंडी खातात, हे उत्तर तिने पूर्ण प्रामाणिकपणे दिले आणि रस्ताभर दोघे त्यावर हसत आले.

शासनाची आंतरजातीय विवाहाला प्रोत्साहन देणारी पन्नास हजार रुपयांची योजना आहे. त्यासाठी त्यांनी अर्ज केला होता. तिच्या एका निरोपात होते: "अनामत रक्कम सरकार देणार आहे मॅडम. आता घर तेवढे कोणीतरी द्यायला हवे."

मी प्रत्येक निरोपाला उत्तर देत होते. 'धीर धर', 'होईल', 'वाईट वाटते गं ऐकून'. एकदा मी तिला मोठे उत्तर लिहिले, त्यात लक्ष्मीबाईंचा उल्लेख केला, सव्वाशे वर्षांपूर्वी याच गावात एक बाई याच दिव्यातून गेली, वगैरे. त्या उत्तराचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

आणि या सबंध काळात, जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून, आमचा वरचा मजला रिकामा होता. आधीच्या भाडेकरूंची बदली झाली होती. फाटकावर 'वरचा मजला भाड्याने देणे आहे' अशी पाटी, खाली माझ्या नवऱ्याचा नंबर. नऊ हजार भाडे.

ऑगस्टमध्ये, श्रावणातल्या एका रविवारी, दोघे घरी आले. येताना राजगिऱ्याचे लाडू आणले होते, सासूबाईंचा उपवास असेल म्हणून. मी चहा केला. तो फारसा बोलत नव्हता, कपाटातली पुस्तके पाहत होता. ती पाटीकडे पाहूनच आत आली असणार, पण अर्धा तास तिने तो विषय काढला नाही. मग म्हणाली, "मॅडम, वरचा मजला..."

मी तिला वाक्य पुरे करू दिले नाही. "अगं, तो एका बँकेतल्या साहेबांना बोलून ठेवलाय." आणि लगेच, तिने काही विचारलेले नसताना, "शिवाय आमच्या सासूबाई माळकरी, तुला माहीत आहे. त्यांचं वय झालंय. त्यांच्या मनाला..."

एक कारण पुरले असते, मी दोन दिली. संहितेत एकाच गोष्टीची दोन स्पष्टीकरणे आली की तिथे थांबा, लेखक काहीतरी झाकतो आहे, हे मीच तिला शिकवले होते. ती थांबली. "हो मॅडम, बरोबर आहे. आजींना त्रास नको," असे म्हणाली. जाताना तिने दोन्ही कप उचलले, आत नेऊन विसळले आणि पालथे घातले. ती आमच्याकडे आली की नेहमीच असे करते, अकरा वेळा सांगूनही ऐकत नाही. त्या दिवशी मला ते पाहवले नाही, मी फाटक उघडायला बाहेर गेले.

बँकेतले साहेब तोपर्यंत अस्तित्वात नव्हते. ते पंधरा दिवसांनी आले.

मी हे का केले, याची उत्तरे मी स्वतःला पुष्कळ दिली. तासिकेवरच्या आणि कंत्राटी माणसाचे भाडे थकले तर विद्यार्थिनीकडे मागायचे कसे. शिक्षक आणि विद्यार्थी या नात्यात व्यवहार आणू नये. शेजारी कसे आहेत हे तिला माहीत नाही. तिच्या माहेरची माणसे एखाद्या रात्री आली तर, ही भीतीही होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. २०१३ चे सोनई आणि २०१४ चे खर्डा याच जिल्ह्यातले. प्राध्यापक कक्षात ही नावे आम्ही फारशी उच्चारत नाही, पण विसरलेलोही नाही. ही सगळी कारणे मी एकेक करून तपासली. त्यातले प्रत्येक कारण, ती स्वजातीतल्या कंत्राटी मुलाशी लग्न करून आली असती, तर आठ दिवसांत सुटले असते. भाडे आठ हजार केले असते, आणि ते थकले तर थकू दिले असते. मागे एका विद्यार्थ्याला मी तसे दिले आहे. त्याचे आडनाव विचारल्याचे मला आठवत नाही. ते मला माहीत होते.

अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार, त्यांचे १९७८ चे 'बलुतं', हेही मी शिकवते. त्यावरचा माझा एक निबंध विद्यापीठाच्या चर्चासत्रात वाचला गेला आहे. त्यात 'अवकाशाचे राजकारण' असा शब्दप्रयोग आहे.

सप्टेंबरच्या शेवटी त्यांना घर मिळाले. बोल्हेगावला, सीना नदीच्या बाजूला, आतल्या रस्त्यावर एक खोली, स्वयंपाकघर आणि पुढे लहानसा ओटा. मालक एसटीतून निवृत्त झालेले चालक. करारासाठी आधार कार्डे लागतात, म्हणून दोघांनी ती पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही नावे सावकाश वाचली, "बरं" म्हणाले आणि विचारले, "पाण्याची मोटर दुरुस्त करता येते का कोणाला?" त्याला येत होती. भाडे साडेसहा हजार ठरले.

यानंतरचा निरोप वाचून मला हसू आले, कारण त्यात माझी जुनी विद्यार्थिनी पुरती दिसत होती. मालक म्हणत होते, की पाचशेच्या स्टँपवर लिहून घेऊ, झाले. तिने त्यांना सांगितले, की महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा. तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर वाद झाल्यास अटींविषयी भाडेकरू सांगेल ते आधी खरे धरले जाते आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते. एसटीचे चालक थोडे गप्प राहून म्हणाले, "पोरी, तूच कर बाई ते ऑनलाइन, माझा अंगठा कुठे लावायचा सांग." करार अकरा महिन्यांचा, १ ऑक्टोबर २०२५ पासून. गावाचे नाव सगळ्या कागदांवर अहिल्यानगर. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ते बदलले आहे. आम्हा जुन्या माणसांच्या तोंडी अजून नगरच येते. तिने लिहिले, "मॅडम, नाव बदललेल्या गावात पूर्ण नावाने घर मिळाले."

त्या 'पूर्ण नावाने' या शब्दांवर मी बराच वेळ थांबले.

दिवाळीनंतर तिने घरी बोलावले, तेव्हा मी एकटी गेले. बोल्हेगाव फाट्यापासून आत जाताना पावसाळ्यातला चिखल वाळून चाकोऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, रिक्षावाला कुरकुरत होता. दारावर लाकडी पाटी, त्यावर दोघांची पूर्ण नावे, आडनावांसकट. अक्षर त्याचे, फार सुरेख. तिने मला दोन मिनिटांत संपणारे घर अर्धा तास दाखवले. खिडकीतून दुपारी ऊन कसे येते, ओट्याची उंची तिच्यासाठी कमी आहे म्हणून तिने पाटाखाली विटा कशा ठेवल्या आहेत, फळीवर डाव्या बाजूला तिची पुस्तके, उजव्या बाजूला त्याची, आणि मधे दोघांची म्हणून एकच, शब्दकोश. पाणी दिवसाआड येते, मोटर त्याने दुरुस्त केली आहे, वरच्या टाकीचा कॉक अजून गळतो. स्वयंपाकघरात तो कांदे चिरत होता. पोहे झाल्यावर त्याने एक ताटली पुढे करून मला विचारले, "मॅडम, चालेल ना?"

त्याला मिरची जास्त पडली आहे, असे म्हणायचे होते. मला ते कळायला एक क्षण लागला, आणि तो क्षण त्याने पाहिला.

मी दोनदा पोहे घेतले. ती मला तिच्या आईविषयी सांगत होती. आई आता दर शुक्रवारी फोन करते, वडील घरात नसताना. काय भाजी केली एवढेच विचारते. "मी रोजच्या रोज भाज्या लक्षात ठेवते मॅडम, शुक्रवारी सांगायला." वरच्या मजल्याचा विषय तिने काढला नाही. मीही नाही.

घरी आले तेव्हा सासूबाई ओसरीवर हरिपाठाची पोथी घेऊन बसल्या होत्या. त्या नेवासे तालुक्यातल्या. वर्षातून दोनदा तरी पैसाच्या खांबाला जाऊन येतात. १२९० साली तिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, हे मी त्यांना तारखेने सांगते आणि त्या मला त्या खांबाला टेकल्यावर पाठ कशी गार होते ते सांगतात. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना गावाने बाहेर ठेवले त्यांच्याविषयी त्या कालच्या गोष्टीसारखे बोलतात.

"कुठं गेली व्हतीस?" त्यांनी विचारले. मी सांगितले.

"म्हंजी ती लाडू घेऊन आलती ती? तिला घर घावलं का?"

"हो, बोल्हेगावला."

"येवढ्या लांब?" त्यांनी पोथी मिटली. "आपला वरचा मजला तवा रिकामा व्हता की. तिला का नाय दिला?"

मी म्हणाले, तुम्हाला चालले नसते म्हणून.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "मला इचारलं व्हतं का तू?"

मी आत जाऊन भाजी निवडायला घेतली. त्या कदाचित नाहीच म्हणाल्या असत्या. त्यांची भांडी, त्यांचे नियम मला माहीत आहेत. कदाचित हो म्हणाल्या असत्या. ते आता कळण्याचा मार्ग नाही, आणि कळू नये अशी व्यवस्था मीच केली होती. थोड्या वेळाने त्या आत आल्या आणि म्हणाल्या, माळ्यावर तांब्याचा हंडा पडून आहे, दिवसाआड पाणी येतं तर पोरीला लागंल, कल्हईची गरज नाय, चिंचेनं घास.

हंडा मी पुढच्या रविवारी नेऊन दिला. कोणी दिला हे सांगितले. का उशिरा दिला, हे सांगायला गेले आणि निवडणुकीच्या कामाविषयी बोलून परत आले. त्यामुळे इथे लिहिले आहे. ती हे वाचेल, याची मला कल्पना आहे. ती माझे सगळे लिखाण वाचते आणि शुद्धलेखनाच्या चुका कळवते.

बँकेतल्या साहेबांची बदली ठरली आहे. मे महिन्यात वरचा मजला रिकामा होईल. तिचा करार ऑगस्टअखेरपर्यंत आहे.